कापसाच्या मुलखात कापसाचं भेव

प्रश्न राळेगाव तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. त्यांची धाकटी जाऊ गोंदियाकडून, म्हणजे धानाच्या मुलखातून, लग्न होऊन आली. इकडे घरची सारी शेती कापसाची. पोरगी कामाला वाघ आहे, पण कापसाला हात लावत नाही. बोंडं फुटलेली पऱ्हाटी दिसली की अंगावर काटा येतो, कोणी कापूस पिंजायला बसलं की कानात बोटं घालून उठून जाते. एकदा दिरानं गमतीत ओंजळभर कापूस पाठीवर टाकला, तर ओकारी येऊन जागीच बसली. सासूबाई म्हणतात नाटकं करते. आतेसासू म्हणतात बाहेरचं आहे. ताईंनी मोबाइलवर जगावेगळ्या भीतींची एक लांबलचक यादी वाचली, तिच्यात कापसाची भीती सापडली. त्यांनी विचारलंय: असं खरंच असतं का, हिला तेच झालंय का, आणि यातून ती बरी होईल का?

ताई, असतं. कापसाचा स्पर्श, त्याचा बोटांत दाबल्यावर येणारा बारीक करकर आवाज, दातांत धागा अडकल्याची नुसती कल्पना, यानं जीव नकोसा होणारी माणसं जगभर आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांना हे फक्त दवाखान्यात किंवा औषधाच्या बाटलीचं झाकण उघडल्यावरच आडवं येतं. तुमच्या जावेचं दुर्दैव एवढंच, की ती नेमकी यवतमाळ जिल्ह्यात सून म्हणून आली.

आधी त्या यादीचं सांगतो, कारण अशा याद्या वाचून दवाखान्यात येणारे खूप असतात. त्यातली बरीच लांबलचक नावं कुठल्याही डॉक्टरनं रुग्ण तपासून दिलेली नाहीत. कुठूनतरी एक बदक आपल्याकडे टक लावून बघतंय, ही भीती तर एका अमेरिकन व्यंगचित्रकारानं विनोद म्हणून रचलेली; आता ती गंभीर चेहऱ्यानं याद्यांत मिरवते. आम्ही वापरतो त्या मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणात, २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, असली शेकडो नावं नाहीतच. ‘विशिष्ट भयगंड’ असा एकच आजार आहे आणि त्याचे पाच गट: प्राणी; निसर्ग, म्हणजे वीज, पाणी, उंची; रक्त, सुई आणि जखम; लिफ्ट-बोगद्यासारख्या जागा; आणि उरलेलं सगळं. कापूस, शर्टाची बटणं, फुगे, घास अडकण्याची भीती, हे ‘उरलेलं सगळं’मध्ये येतं. २२ देशांतल्या घरोघरच्या सर्वेक्षणांत दर १०० माणसांमागे सुमारे ७ जणांना आयुष्यात कधी ना कधी विशिष्ट भयगंड झालेला आढळला, आणि बायकांत तो पुरुषांच्या जवळपास दुप्पट होता. म्हणजे भयगंड मुळात दुर्मीळ नाही. दुर्मीळ असतो तो कशाचा, एवढंच.

आणि ‘कशाचा’ याला लोक देतात तेवढं महत्त्व मी देत नाही. मी पहिला प्रश्न विचारतो तो हा, की या भीतीपायी तुमचं अडतं काय? तुमची जाऊ माहेरी होती तेव्हाही तिला हे होतंच. खोदून विचारा, ती सांगेल की देवासमोरच्या वाती तिच्या बहिणीनं वळल्या, हिनं कधी वळल्या नाहीत. पण धानाच्या बांधीत कापूस येतो कुठून? रोवणीत ती चार बायांना मागे टाकत असणार. तिथं ही एक खोड होती, इथं तिचं दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचं जगणं अडलंय. भीती सहा महिन्यांहून जुनी आहे, धोक्याच्या मानानं फार मोठी आहे, ती वस्तू टाळण्यासाठी माणूस रस्ता बदलतो आणि संसारात किंवा कामात खोळंबा होतो, एवढं जुळलं की आम्ही भयगंड म्हणतो. तुमच्या वर्णनावरून ते जुळतं. तरी समोर बसवून बोलल्याशिवाय शिक्का मारू नये. त्याचं कारण पुढे येईल.

उलट बाजूही ध्यानात घ्या. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं दगावली. त्यानंतर पाठीवर पंप घ्यायला नको म्हणणाऱ्या सालदाराला भयगंड नव्हता; त्याला अक्कल होती. चंद्रपूर जिल्ह्यात जंगलाला लागून वावर असलेला माणूस अंधार पडल्यावर जागलीला जात नाही, तोही आजारी नाही. वाघ तिथं खरा आहे. अशा माणसांना ‘मन घट्ट करा’ म्हणणं हे डॉक्टरचं काम नाही.

आता आमच्या भागात ज्या कमी ऐकलेल्या भीती मी वारंवार पाहतो, त्यांतल्या तीन सांगतो, कारण तीनही वेगवेगळ्या वाटेनं चकवतात. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदललेत.

पहिली, घास अडकण्याची. पन्नाशीतला शेतकरी. एका लग्नाच्या पंगतीत घास ठसकला, डोळे पांढरे झाले, लोकांनी पाठीत थापा मारल्या, जीव वाचला. त्या दिवसापासून भाकर बंद. मग भात बंद. मग नुसतं वरणाचं पाणी आणि ताक. पँट कमरेला दोरीनं बांधून आला होता. बायको सांगत होती, “घास तोंडात फिरवत बसते जी, गिळतच नाही.” घरच्यांनी मानलं होतं की कॅन्सर आहे आणि डॉक्टर लपवताहेत. इथं मी एक गोष्ट कधीच सोडत नाही: विदर्भात माणूस गिळता येत नाही म्हणाला की आधी तोंड उघडायला लावायचं. खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, खाणाऱ्याचं तोंड पुष्कळदा दोन बोटंही उघडत नाही, गालाच्या आत पांढरट ताठ पट्टे असतात, आणि त्याच्यामागून कॅन्सर येऊ शकतो. अन्ननलिकेचा आजार असेल तर बहुधा आधी घट्ट अन्न अडकतं, मग पातळ, आणि दर महिन्याला दुखणं वाढत जातं. भीतीनं न गिळणाऱ्याचं तसं नसतं: एकटा असला की जमत नाही, गप्पांच्या नादात अर्धी पोळी खाऊन जातो. दुर्बीण घालून तपासणी स्वच्छ निघाली, तेव्हाच आम्ही मनाच्या उपचाराकडे वळलो. आंबिलीपासून सुरुवात केली, मग गिचका भात, मग वरणात कुस्करलेली पोळी, शेवटी ज्वारीची भाकर. भाकरीला वेळ लागला. सगळ्यात अवघड गेलं ते पाण्याचा पेला हाताशी न ठेवता खाणं. प्रत्येक घासामागे घोटभर पाणी ही त्याची कुबडी झाली होती.

दुसरी, फोनच्या घंटीची. तरुण मुलगा, मोबाइल वाजला की छातीत धडधड, हाताला घाम. फोन गोठ्यात पेंडीच्या पोत्याखाली ठेवायचा. यादीत हिलाही भारदस्त नाव आहे. पण विचारत गेल्यावर कळलं की वडिलांच्या नावावर ट्रॅक्टरचं कर्ज थकलेलं आणि वसुलीवाले दिवसभर शिव्या देत होते. हा भयगंड नव्हे. इथं पायरी-पायरीनं फोनची सवय लावत बसणं म्हणजे थट्टा झाली असती. इथं विचारायचं असतं ते कर्जाचं, झोपेचं, आणि सरळ शब्दांत, की मरावंसं वाटतं का. असं विचारल्यानं कोणाच्या डोक्यात नवा विचार भरत नाही. उलट बोलायला वाट होते.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची, आणि ती भीती नाहीच. कुत्रं चावल्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी माणूस पाण्याला भ्यायला लागला, पेला तोंडाशी नेताच घसा आवळला, पंख्याच्या वाऱ्यानंही झटका आला, तर तो रेबीज आहे. त्याला मानसोपचाराकडे किंवा मांत्रिकाकडे नेऊ नका, थेट मोठ्या रुग्णालयात न्या. लक्षणं सुरू झाल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं, म्हणून खरा उपाय चावल्या दिवसाचाच: जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची, हळद-मिरची-चुना काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. विषय निघालाच आहे म्हणून सांगितलं, पण ताई, तुमच्या गावात हा परिच्छेद चारचौघांना वाचून दाखवा.

परत तुमच्या जावेकडे येऊ. असं कशामुळे होतं? बहुतेकांना सुरुवात आठवत नाही. विशिष्ट भयगंड बहुधा लहानपणी, दहाच्या अलीकडे-पलीकडे, मूळ धरतो. कधी एखादा प्रसंग सापडतो. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात नऊ वर्षांच्या मुलाची हकिकत छापून आली होती: बालवाडीत बटणांचं भांडं त्याच्या अंगावर सांडलं, आणि तेव्हापासून बटणाचा शर्ट घालायचं नाव नाही. या मुलाच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी होती. त्याला बटणं हाताळायला लावली तेव्हा तो हाताळायला शिकला, पण त्याची शिसारी कमी होईना, उलट वाढली. मग डॉक्टरांनी त्या किळसेवरच काम केलं: बटणं अंगावरून घरंगळताहेत, ती कशी दिसतात, कशी वासतात, हे कल्पनेत आणायला लावलं, तेव्हा तो मोकळा झाला. तुमची जाऊ नुसती घाबरत नाही, तिला ओकारी येते. म्हणजे तिचं भेव बहुधा याच जातीचं, किळसेच्या अंगानं जाणारं आहे. मधाच्या पोळ्यासारखी दाटीवाटीची छिद्रं बघून काहींना जे होतं, तेही असंच. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठातल्या दोघांनी २०१३ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिल्यापासून त्याचा फार बोलबाला झाला. वर्गीकरणात मात्र त्याला अजून वेगळी जागा नाही.

सुरुवात कशीही होवो, भीती टिकते ती टाळण्यामुळे. कापूस दिसला, पोटात ढवळलं, उठून गेली, जिवात जीव आला. तो ‘जिवात जीव येणं’ हाच सगळा घोटाळा आहे. सावकाराच्या पैशासारखं आहे ते: आज सुटका, उद्या व्याज. दर सुटकेला मन शिकतं की बरं झालं पळालो, नाहीतर काही खरं नव्हतं. कापूस हातात धरून काहीच होत नाही, हे शिकायची संधी त्याला मिळतच नाही.

उपचार त्याच्या उलटा, आणि तो नवा नाही. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या बाईंनी पीटर नावाच्या, सशाला भिणाऱ्या लहान मुलाला आवडीचं खायला देत देत पिंजऱ्यातला ससा रोज थोडा जवळ आणला. शेवटी पोरगं सशाला कुरवाळू लागलं. आजही आम्ही मुळात तेच करतो, फक्त बारकावे वाढलेत.

तुमच्या जावेसाठी मी कसं करीन ते सांगतो. आधी तिच्याशी एकटीशी बोलेन. सासू नाही, नवरा नाही, तुम्हीही नाही. कारण क्वचित असंही निघतं की कापसाच्या गंजीत किंवा गोदामात लहानपणी कोणी अंगाला वाईट हात लावला होता. तसं असेल तर वाट वेगळी, आणि ती फार जपून चालावी लागते. शिवाय हात पुन्हा पुन्हा धुण्याची सवय आहे का, लहानपणापासून सगळेच स्पर्श, आवाज खुपतात का, कापसाच्या धुरळ्यानं खोकला-दम लागतो का, हेही पाहीन. शिक्का मारायची घाई नको म्हटलं ते यासाठी.

मग भीती मोजायची. खेड्यात मी टक्के विचारत नाही, आणे विचारतो. “सोळा आण्यांत किती आणे भेव वाटते?” म्हाताऱ्या बायांना हे लगेच कळतं, तरुणांना एकदा सांगावं लागतं. तिच्याकडून पायऱ्या काढून घ्यायच्या. समजा फुलवातींचं बंद पाकीट समोर ठेवणं दोन आणे, त्यातली एक वात ताटलीत काढणं चार, वात बोटानं शिवणं सात, वातीला पीळ देणं नऊ, सरकीसकट कापूस ओंजळीत धरणं अकरा, औषधाच्या दुकानातला कापूस कानाजवळ दाबून आवाज ऐकणं तेरा, पऱ्हाटीवरचं एक बोंड वेचणं चौदा, आणि ओटी बांधून एक तास बायांसोबत वेचणं सोळा. तिच्या पायऱ्या वेगळ्या निघतील. कोणाला बघणं सोपं असतं आणि ऐकणं जिवावर येतं. दुकानातल्या कापसातलं मेण धुऊन काढलेलं असतं, तो जास्त करकरतो, म्हणून काहींना वावरातला कापूस परवडतो पण दवाखान्यातला नको वाटतो. हे तिलाच विचारायचं.

प्रत्येक पायरीआधी तिला एक प्रश्न: हात लावला तर काय होईल असं वाटतं? “उलटी होईल.” बरं, बघू. ताटली समोर, पदर बाजूला, हातमोजे नाहीत, मनातल्या मनात नामजप नाही, नजर वळवायची नाही. जप वाईट म्हणून नव्हे. जपामुळे वाचले असं मनानं धरलं की शिकणं अर्धं राहतं. भीती चढते, एका जागी रेंगाळते, मग बहुधा उतरते. उतरली नाही तरी उलटी झाली नाही, हे ती पाहते. तेवढं पुरतं. दुसऱ्या दिवशी तीच पायरी पुन्हा, दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या वेळी. स्वीडनच्या लार्स-योरान ऊस्ट यांनी १९८९ मध्ये दाखवलं की नीट आखणी केली तर एकाच तीन तासांच्या बैठकीतही पुष्कळ भयगंड सुटतात. आमच्याकडे एस.टी.ची वेळ सांभाळून तीन तास बसणारे पेशंट कमी, म्हणून मी थोड्याथोड्या बैठका घेतो आणि मधला अभ्यास घरी देतो.

घरी तुमचा उपयोग होईल. ती वातीला हात लावते तेव्हा शेजारी नुसतं बसायचं. “काई होत नाई, काई होत नाई” असा धोशा लावायचा नाही. दिराला मात्र बजावून सांगा: अचानक अंगावर कापूस टाकणं हा उपचार नाही, छळ आहे. पायरी चढायची की नाही हे तिच्या हातात असलं तरच हे चालतं. आतेसासूंना वाटेल त्या देवाला नवस करू द्या, त्यानं काही बिघडत नाही. पण अंगात आलंय म्हणून कोणी मारहाण केली, चटके दिले, धुरी दिली, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे, हे घरात एकदा मोठ्यानं बोलून ठेवा.

एका भीतीचा उपचार मात्र निराळा आहे, आणि कोणाच्या घरी असेल तर उपयोगी पडेल. सुई किंवा रक्त पाहून जे खरोखर चक्कर येऊन पडतात, त्यांचा रक्तदाब आधी चढतो आणि मग एकदम घसरतो. त्यांना ‘अंग सैल सोडा, लांब श्वास घ्या’ सांगितलं की ते लवकर पडतात. त्यांनी उलट हात, पाय, पोट आवळायचं, १०-१५ सेकंद, चेहरा गरम वाटेपर्यंत; मग अर्धा मिनिट थांबायचं, असं पाच वेळा. ज्या हातात सुई टोचायची तो तेवढा सैल. सिकलसेलच्या तपासणीला येणाऱ्या पोरी आधी खुर्चीत हे करून घेतात आणि चालत घरी जातात. हा गट बहुधा घराण्यात चालतो; मुलगी पडली की मी बापाला विचारतो, तो हसून मान डोलावतो.

गोळ्यांबद्दल. गावात भीती म्हटली की अल्प्राझोलामची पट्टी सहज हातावर पडते. विशिष्ट भयगंडावर गोळी हा मुख्य उपचार नाही. या गोळीनं काही तास बरं वाटतं, सवय लागते, आणि कापसासमोर बसून जे शिकायचं ते गुंगीत नीट शिकलं जात नाही. सोबत उदासी असेल, झोप उडाली असेल, सगळीकडेच घबराट होत असेल, तर औषधाचा विचार करावा लागतो, तो तपासून.

कुठं जावं? यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे, सेवाग्रामलाही आहे, तुम्हाला एस.टी. जिथली सोयीची पडेल तिथं जा. नागपूरचं नाव काढलं की घरात ‘पागलखाना’ म्हणून रडारड होते, पण यासाठी भरती वगैरे काही लागत नाही, बाह्यरुग्ण विभागात बसून होतं. निघायच्या आधी १४४१६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्रीही चालते, मराठीत बोलता येतं. फोनवर उपचार पूर्ण होणार नाही, पण कुठं कोण बसतं हे विचारता येईल.

शेवटचं, तुम्ही लिहिलंय की या हंगामात तरी ती वेचायला यावी. मजूर मिळत नाहीत, किलोमागचा दर वाढत चाललाय, हे मला ठाऊक आहे. तरी ध्येय तिला ठरवू द्या. देवाच्या वाती वळता आल्या, दवाखान्यात मलमपट्टी करून घेता आली, घरात कापसाची गंजी असताना त्याच खोलीत झोपता आलं, एवढ्यावर ती या वर्षी थांबली तरी चालेल. सीतादहीला, म्हणजे पहिल्या वेचणीच्या पूजेला, बांधावर उभी राहिली तरी पुष्कळ. आणि जेवढं जमेल ते उन्हाळ्यात सोडू नका. पऱ्हाट्या उपटल्या, कापूस विकला, की चार-सहा महिने कापूस नजरेआड होतो आणि दसऱ्याला भेव पुन्हा पहिल्या पायरीवर आलेलं दिसतं. म्हणून पायलीभर कापूस मडक्यात बाजूला काढून ठेवा आणि आठवड्यातून एकदा, दिवस ठरवून, घरच्या वाती तिनंच वळायच्या असं करा.